साडेअठरा न्यूट्रॉनवाला क्लोरीन : एक प्रकरण

प्रश्न एकदम साधा होता. क्लोरीनच्या अणूत प्रोटॉन किती, इलेक्ट्रॉन किती, न्यूट्रॉन किती ते लिहा, आवर्तसारणी बघितली तरी चालेल. केमिस्ट्री नुकतीच सुरू केलेली एक विद्यार्थिनी, अभ्यासात चांगली आणि गणितात तर खूपच चांगली, तिने प्रोटॉन १७ लिहिले, इलेक्ट्रॉन १७ लिहिले आणि न्यूट्रॉनपाशी ३५.५ मधून १७ वजा करून १८.५ लिहिलं. मग ते खोडलं आणि बाजूला १९ लिहिलं. ३५.५ चे राउंड ऑफ करून ३६, त्यातून १७ गेले, राहिले १९, असा हिशोब असणार हे त्या खोडलेल्या आकड्यावरूनच कळत होतं.

असल्या उत्तरावर सहसा लाल फुली पडते आणि विषय संपतो. पण मला ते खोडलेलं १८.५ जास्त महत्त्वाचं वाटलं, कारण अर्धा न्यूट्रॉन नसतो एवढी जाण तिला होती, म्हणूनच तिने ते खोडलं. फक्त तो अर्धा आला कुठून हे न विचारता तिने तो गुपचूप पूर्ण करून टाकला. आणि गंमत अशी की त्याच कागदावर खालच्या प्रश्नात आयसोटोपची व्याख्या तिने बिनचूक लिहिलेली: अणुअंक (प्रोटॉनची संख्या) समान पण अणुवस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) वेगवेगळे असलेले एकाच मूलद्रव्याचे अणू. उदाहरण म्हणून कार्बन-१२ आणि कार्बन-१४. पूर्ण मार्क. म्हणजे व्याख्या पाठ आहे, समोर त्याच व्याख्येचं उदाहरण आलंय, आणि दोघांची ओळखच झालेली नाही.

म्हणून मी तिला समोर बसवून विचारत गेले. जसं झालं तसं लिहितेय.

"समजा क्लोरीनचा एकच अणू उचलता आला, तर त्याचं वस्तुमान किती भरेल?"
"३५.५."
"दुसरा उचलला तर?"
"तोही ३५.५च ना मॅडम, क्लोरीनच आहे तो."
"मग क्लोरीनचे आयसोटोप?"
"ते असतात ना, पण ते वेगळे. म्हणजे नॉर्मल क्लोरीन ३५.५ चा आणि आयसोटोप म्हणजे ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह वगैरे असतात ते."

इथे सगळं बाहेर आलं. तिच्या डोक्यात क्लोरीनचे दोन गट होते, एक नेहमीचा सज्जन क्लोरीन ज्याचा आकडा आवर्तसारणीत छापलाय, आणि दुसरे आयसोटोप नावाचे कुणीतरी विचित्र, दुर्मिळ, बहुतेक धोकादायक नातेवाईक. ही समजूत तिच्या एकटीची नाही, खूप मुलांची असते, आणि ती कशी तयार होते हेही दिसतं, कारण आयसोटोपचं नाव निघालं की पहिलं उदाहरण कार्बन-१४ चं येतं, मग युरेनियम-२३५, मग कॅन्सरवर वापरतात तो कोबाल्ट-६०. सगळे किरणोत्सारी. कार्बन-१२ हासुद्धा एक आयसोटोपच आहे, कार्बनचा प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या आयसोटोपचाच असतो, हे कुणी मुद्दाम सांगत नाही. निसर्गातल्या कार्बनमध्ये साधारण ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो, १.१ टक्के कार्बन-१३, आणि हा १३ वालासुद्धा पूर्ण स्थिर आहे, त्याला काही होत नाही. कार्बन-१४ तर हवेतल्या कार्बनमध्ये लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक. पण नाव सगळं त्याचं.

दुसरी गोष्ट तिला न विचारताच तिने सांगितली. "एकाच मूलद्रव्याचे सगळे अणू सारखेच असतात ना, डाल्टनचं आहे ते." बरोबर आहे, डाल्टनचं आहे, १८०८ सालच्या पुस्तकात त्याने हे मांडलं आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला एक ठरावीक वस्तुमान देऊन टाकलं. त्या काळासाठी ती भन्नाट कल्पना होती. पण पुस्तकात डाल्टन आधी येतो, त्याचे मुद्दे पाठ करून घेतले जातात, आणि थोडं पुढे आयसोटोप येतात तेव्हा आधीचा तो मुद्दा आता जसाच्या तसा धरायचा नाही असं ठणकावून सांगायचं राहून जातं, मग पोरं दोन्ही सांभाळतात, डाल्टन एका कप्प्यात आणि आयसोटोप दुसऱ्या.

तिसरी गोष्ट मात्र खरी डांबरट आहे, राउंड ऑफचा नियम. अणुवस्तुमान जवळच्या पूर्णांकात घ्या, त्यातून अणुअंक वजा करा, न्यूट्रॉन मिळाले. हा शॉर्टकट सगळीकडे शिकवतात आणि वाईट भाग असा की तो चालतो. कार्बन १२.०११ चे १२, नायट्रोजन १४.००७ चे १४, सोडियम २२.९९ चे २३, मॅग्नेशियम २४.३ चे २४, बोरॉन १०.८१ चे ११. पहिल्या २० मूलद्रव्यांत बघत जा, राउंड ऑफ केलं की नेमका सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आयसोटोपचा अणुवस्तुमानांक मिळतो, त्यामुळे एवढी सगळी उत्तरं बरोबर आल्यावर नियमावर संशय घ्यायचं मुलांना काही कारणच उरत नाही. या विसात अडतो तो एकटा क्लोरीन.

आणि क्लोरीनमध्ये काय होतं बघा. तिच्या आवर्तसारणीत ३५.५ छापलं होतं, म्हणून ३६, म्हणून १९ न्यूट्रॉन. दुसऱ्या एखाद्या आवर्तसारणीत ३५.४५ छापलेलं असतं, त्याचं राउंड ऑफ ३५, म्हणजे १८ न्यूट्रॉन. मी दोन्ही तिच्यासमोर ठेवल्या आणि विचारलं की छापणाऱ्याने एक दशांश स्थळ जास्त दिलं म्हणून अणूतला एक न्यूट्रॉन गेला कुठे? ती हसली, आणि मग बराच वेळ दोन्ही कागदांकडे बघत बसली. माझ्या मते प्रकरण तिथून हललं, समजावून सांगण्यामुळे नाही.

आता समजावणीचं सांगते, कारण ती आधी चालली नव्हती. नेहमीचं उदाहरण देऊन बघितलं, बॅट्समनचं अ‍ॅव्हरेज ४३.६ असतं पण कुठल्याही इनिंगमध्ये कुणी ४३.६ रन काढत नाही. तिला ते लगेच पटलं, मान हलली, आणि पुढच्याच वाक्यात परत "पण क्लोरीनचा अणू ३५.५ चाच ना". का? तर बॅट्समनच्या इनिंग वेगवेगळ्या असतात हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, म्हणून तिथे सरासरी ही सरासरी वाटते. क्लोरीनचे अणू वेगवेगळे असतात हेच जिला माहीत नाही तिला सरासरी कशाची हा प्रश्नच पडत नाही. सगळे ३५.५ असतील तर त्यांची सरासरीही ३५.५च येणार की! सरासरी तिला येत होती, फक्त ती इथे लागू आहे हे दिसत नव्हतं.

म्हणून उलटीकडून गेलो. सरासरी बाजूला ठेवली आणि आधी अणू मोजायला घेतले. निसर्गातल्या क्लोरीनचे १००० अणू घेतले असं समज, त्यातले साधारण ७५८ क्लोरीन-३५ चे आणि २४२ क्लोरीन-३७ चे. पहिल्यात १८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात २०. यात ३५.५ चा एक तरी आहे का? नाही. ३६ चा? तोही नाही. (अगदी काटेकोर बोलायचं तर क्लोरीन-३६ असतो, कॉस्मिक किरणांमुळे हवेत तयार होतो, किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय व्हायला लागणारा वेळ, ३ लाख वर्षांच्या आसपास, पण इतका नगण्य की हजारात काय, अब्जात शोधलात तरी मिळायचा नाही.) म्हणजे तिचा तो १९ न्यूट्रॉनवाला अणू अगदीच काल्पनिक नव्हता, पण उत्तर म्हणून तो लिहिणं म्हणजे जवळपास कधीच न भेटणाऱ्या अणूला क्लोरीनचा प्रतिनिधी करणं.

मग तिनेच बेरीज केली. ७५८ गुणिले ३५ म्हणजे २६,५३०, २४२ गुणिले ३७ म्हणजे ८,९५४, एकूण ३५,४८४, भागिले हजार, ३५.४८४. आणि लगेच भुवया वर, "मॅडम पण इथे ३५.४५ आहे, जुळत नाही." मला खरं तर याचाच आनंद झाला कारण आत्तापर्यंत जो आकडा ती डोळे मिटून घेत होती तो ती आता तपासत होती. कारण असं की ३५ आणि ३७ हे न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या मोजणीचे आकडे आहेत, प्रत्यक्ष वस्तुमान नाहीत. क्लोरीन-३५ चं प्रत्यक्ष वस्तुमान ३४.९६९ आणि क्लोरीन-३७ चं ३६.९६६. ते घालून परत केलं की ३५.४५ येतं, तिने करून बघितलं, आलं.

या सगळ्यात तीन आकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि मुलांचा गोंधळ बहुतेक तिथूनच होतो असं मला वाटतं. एक, अणुवस्तुमानांक, जी मोजणी आहे, त्यामुळे कायम पूर्णांक. दोन, एका ठरावीक आयसोटोपच्या एका अणूचं वस्तुमान, पूर्णांकाच्या अगदी जवळ पण पूर्णांक नाही, अपवाद कार्बन-१२ कारण तो मापासाठीच बरोबर १२ धरलाय. आणि तीन, आवर्तसारणीतलं सरासरी अणुवस्तुमान, जे कुठल्याही एका अणूचं नसतं, सगळ्या मिश्रणाचं असतं. तिन्ही जवळजवळ सारखे दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरा चालून जातो, आणि चालून जातो म्हणूनच घोळ उशिरा लक्षात येतो.

राउंड ऑफचं भूत पूर्ण उतरलं ते ब्रोमीनने. क्लोरीनमध्ये ३५.५ हा आकडाच तिरपा आहे, बघूनच शंका येते. ब्रोमीनचं अणुवस्तुमान ७९.९०४, म्हणजे डोळे झाकून ८०, अणुअंक ३५, न्यूट्रॉन ४५. तिनेही तेच सांगितलं, आणि यावेळी कॉन्फिडन्सने. मग तिला प्रमाण दिलं: ब्रोमीन-७९ सुमारे ५०.७ टक्के, ब्रोमीन-८१ सुमारे ४९.३ टक्के. जवळपास निम्मे-निम्मे. न्यूट्रॉन ४४ किंवा ४६. पंचेचाळीसवाला निसर्गात मिळतच नाही, ब्रोमीन-८० लॅबमध्ये बनवला तरी त्याचं अर्धायुष्य १८ मिनिटांच्या आतबाहेर, दिवसभरात गायब. म्हणजे सगळ्यात स्वच्छ वाटणाऱ्या राउंड ऑफने असा अणू दिला जो निसर्गात अस्तित्वातच नाही. चांदीचंही तसंच, १०७.८७ चे १०८ करावेसे वाटतात पण निसर्गातली चांदी १०७ आणि १०९ ची. तिने स्वतःहून वहीत राउंड ऑफच्या नियमावर रेघ मारली, मी सांगितलं नव्हतं.

थोडं विषयांतर करते, पण हे तिला सांगितल्यावर फरक पडला म्हणून इथेही सांगते. क्लोरीनच्या ३५.५ ने फक्त शाळेतली पोरं छळलेली नाहीत. १८१५ मध्ये विल्यम प्राउटने असं सुचवलं होतं की सगळ्या मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं हायड्रोजनच्या पटीत असावीत, म्हणजे सगळं हायड्रोजनपासूनच बनलं असावं, आणि बऱ्याच मूलद्रव्यांत ते जवळपास जुळतही होतं, पण क्लोरीन काही केल्या पटीत बसेना. जितकं अचूक मोजावं तितका तो साडेपस्तिशीवर अडून बसे. शेवटी १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडीने आयसोटोपची कल्पना मांडली आणि १९१९-२० मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टनने त्याच्या मास स्पेक्ट्रोग्राफमध्ये, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, क्लोरीन घालून बघितला. फोटोच्या प्लेटवर ३५ आणि ३७ ला ठळक रेषा उमटल्या आणि ३५.४६ ला, म्हणजे तेव्हाच्या अणुवस्तुमानाच्या जागी, काहीच नाही. कोरी जागा. ३६ आणि ३८ लाही रेषा होत्या, हे ऐकल्यावर ती लगेच "बघा, ३६!" म्हणाली, पण त्या एक हायड्रोजन चिकटलेल्या क्लोरीनच्या होत्या, ३५ अधिक १ आणि ३७ अधिक १. हे तिला सांगायच्या आधी तिनेच ओळखलं, मी फक्त एवढंच विचारलं होतं की दोन्ही बरोबर एकाने पुढे का असाव्यात.

आणि न्यूट्रॉनचा शोध तर चॅडविकने १९३२ मध्ये लावला. म्हणजे आयसोटोप माहीत होते, मोजले गेले होते, सॉडी आणि अ‍ॅस्टन दोघांना नोबेलही मिळून गेलं होतं, आणि न्यूट्रॉन अजून सापडायचा होता! आपण मात्र न्यूट्रॉनच्या वजाबाकीपासून सुरुवात करतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो, आधी एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू दाखवा, मग ते का ते सांगायला न्यूट्रॉन आणा.

मूळ प्रश्नाबद्दलही बोललं पाहिजे. 'क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती' हा प्रश्न वर्कशीटमध्ये जसा होता तसा त्याला एक उत्तरच नाही. कुठल्या अणूत? प्रोटॉन विचारा, एकच उत्तर आहे, कारण १७ प्रोटॉन म्हणजेच क्लोरीन. न्यूट्रॉन विचारायचे तर क्लोरीन-३५ किंवा क्लोरीन-३७ असं सांगून विचारा. नाहीतर मुलं जे मिळेल त्यातून वजाबाकी करणार, आणि समोर असतो तो सरासरीचा आकडा. असा प्रश्न विचारून नंतर १८.५ लिहिणाऱ्याला हसण्यात काही अर्थ नाही.

तिला खरंच समजलं का हे बघायला व्याख्या परत विचारण्यात पॉइंट नव्हता, ती तर पहिल्यापासून पाठ होती. म्हणून असं काहीतरी विचारलं जे तिने कुठे वाचलेलं नसेल. क्लोरीन वायूचा एक रेणू, त्यात क्लोरीनचे दोन अणू. या रेणूंची वस्तुमानं मोजली तर कुठे कुठे आकडे मिळतील?

पहिलं उत्तर आलं ७१. सवयीने, दोन गुणिले साडेपस्तीस. मी काहीच बोलले नाही. दोनचार सेकंदांनी तीच म्हणाली, "थांबा थांबा. ७१ कसं येईल? दोन पस्तीस आले तर ७०." मग कागदावर जोड्या मांडल्या. ३५-३५ म्हणजे ७०. ३५-३७ म्हणजे ७२. ३७-३७ म्हणजे ७४. एकाहत्तर नाहीच. प्रमाण विचारल्यावर चारातले तीन ३५ चे आणि एक ३७ चा धरून तिने सोळा खाने आखले, चार उभे चार आडवे, आणि मोजले: ७० चे नऊ, ७२ चे सहा, ७४ चा एक. ७२ दोन प्रकारे येतो, आधी ३५ मग ३७ किंवा उलट, हे तिला खान्यांमधून आपोआप दिसलं. ९:६:१, क्लोरीन वायूच्या मास स्पेक्ट्रममध्ये रेणूच्या रेषा साधारण याच प्रमाणात मिळतात. मग मी म्हटलं आता या सोळांची सरासरी काढ. ६३० अधिक ४३२ अधिक ७४, ११३६, भागिले १६, बरोबर ७१. "म्हणजे ७१ चा एकही नाही आणि सरासरी ७१," हे तिचं वाक्य, माझं नाही.

रासायनिक गुणधर्म सारखे का, हा भाग तिने पटकन घेतला, इलेक्ट्रॉन तेवढेच, बाहेरची कक्षा तीच, मग बंध तसेच होणार. फक्त हायड्रोजनच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. क्लोरीनमध्ये दोन न्यूट्रॉन जास्त म्हणजे जेमतेम सहा टक्के वजन वाढलं, पण ड्युटेरियम, म्हणजे एक न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन, साध्या हायड्रोजनच्या दुप्पट जड, तिथे फरक लपत नाही. ड्युटेरियमचं बनलेलं जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो.

आर्गॉन-पोटॅशियमचा प्रश्न तिने स्वतः काढला, आवर्तसारणी चाळताना. आर्गॉन १८ वा, वस्तुमान ३९.९५. पोटॅशियम १९ वा, वस्तुमान ३९.१०. प्रोटॉन जास्त आणि वजन कमी? आधी वाटलं छपाईची चूक. प्रमाण शोधायला सांगितलं तर तिने आणलं: आर्गॉनमध्ये ९९.६ टक्के आर्गॉन-४०, पोटॅशियममध्ये ९३.३ टक्के पोटॅशियम-३९. झालं, उत्तर त्यातच आहे. आर्गॉन-४० एवढा का, कारण हवेतला तो बहुतेक सगळा पोटॅशियम-४० च्या क्षयातून आलाय, पण ते तिथेच थांबवलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तांब्याचं सरासरी अणुवस्तुमान ६३.५५, आयसोटोप ६३ आणि ६५, तर प्रत्येकाचं प्रमाण काढ, असं दिलं तर ती समीकरण नीट मांडते पण सवयीने ६३ आणि ६५ च घालते, आणि तांबे-६३ चं प्रमाण ७२.५ टक्के येतं, प्रत्यक्षात ते ६९ च्या आसपास आहे. ६२.९३० आणि ६४.९२८ घातलं की बरोबर येतं. क्लोरीनच्या बेरजेत तिने हाच फरक स्वतः पकडला होता, तरी इथे परत मोजणीचा आकडा वस्तुमानाच्या जागी गेलाच. आणि ही प्रत्यक्ष वस्तुमानं पूर्णांकापेक्षा थोडी कमी का असतात हा तिचा पुढचा प्रश्न आहे, त्यासाठी केंद्रकातली बंधन ऊर्जा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनना एकत्र बांधून ठेवणारी ऊर्जा, हा विषय काढावा लागेल, तो अजून सुरू केलेला नाही.